दगडाबाईने टाकलेलं पान

उमापुरात दगडाबाई गुरविणीपुढे कोणी पान धरलं, की ती आधी पानाकडे पाही आणि मग धरणाऱ्याकडे. पान बरं निघालं तर माणूसही बरा, असं तिचं साधं गणित होतं, आणि त्या गणिताने निम्मं गाव टाकाऊ ठरत होतं. त्यात तिचा नवरा आसाराम मोडत होता की नाही, हे तिने कधी उघड सांगितलं नाही. आसाराम महादेवाच्या देवळात पूजेला असे, आणि घरी आला तरी देवळातच बसल्यासारखा गप्प असे.

गुरवाच्या घराकडे दोन कामं. देवाला बेल द्यायचा आणि गावाच्या पंगतींना पत्रावळी. बेलाचं आसाराम पाही, पत्रावळी दगडाबाईच्या हाती होत्या. नऊ वर्षांची नवरी म्हणून ती या घरात आली, तेव्हा सासू रुक्मिणीबाईने तिच्या हातात घागर दिली नव्हती, पळसाचं पान दिलं होतं. म्हणाली, उन्हाला धर आणि काय दिसतं ते सांग. पोर म्हणाली, पान दिसतं. सासूने पान काढून घेतलं आणि सांगितलं, अजून काही दिसेल तेव्हा जेवायला ये. भर दुपारी कधीतरी पोरीला शिरेच्या कडेचा मोहरीएवढा काळा ठिपका दिसला आणि भाकरी मिळाली. तेव्हापासून तिच्या नजरेतून ठिपका सुटला नाही आणि जेवणही वेळेवर होऊ लागलं.

तिची रीत ठरलेली होती. पान आधी उजेडाला धरायचं, मग ओल्या अंगठ्याने पुसून पाहायचं, मग उलटून पाठ बघायची. तिन्ही परीक्षांत उतरलं तर चवडीत, नाही तर घरामागच्या उकिरड्यावर. नुसतं टाकून तिचं समाधान होत नसे. ज्याला टाकायचं त्याला नाव ठेवून टाकायचं, आणि ही सवय पानांपुरती नव्हती. पिवळट भुकटी उडते तिला ती 'हळदी' म्हणे. काळा थर धरतो पण ओल्या अंगठ्याच्या एका फटक्यात निघून जातो, ती 'पाहुणी'. आणि जो वरून थेट पाहुणीसारखा दिसतो, पण कितीही पुसा, जागचा हलत नाही, पानाच्या कातडीखाली ठाण मांडून बसतो आणि तिथे बांबूची चोय टोचली की पान टर्रकन फाडतो, तो 'घरजावई'. घरजावयावर तिचा विशेष राग होता. तिच्या माहेरी एक होता.

निजामाच्या राज्यातल्या फसली सन तेराशे तेवीसच्या मार्गशीर्षात गावात राधाकिशन मास्तर आला. हा औरंगाबादेला कुठल्याशा शाळेत शिकवी, आणि सुटी लागली की काचेचं भिंग आणि टिपकागदांनी भरलेली पेटी घेऊन गावोगाव रोगट पानं गोळा करत हिंडे. घरच्यांनी त्याची आशा सोडलेली होती. तालुक्याच्या कचेरीतून त्याने चिठ्ठी आणली होती, म्हणून अर्जुनराव पाटलाने त्याला आपल्या ओसरीवर जागा दिली. अर्जुनरावाने विचारलं, रोगट पानांचं करता काय? मास्तराने मोठ्या हौसेने सांगितलं. पानावरचा काळा डाग हा नुसता डाग नाही, ती बारीकशी बुरशी आहे, पानावर ती घर करून राहते, तिला पोरंबाळं होतात. विद्वानांनी या बुरश्यांच्या भावक्या ठरवल्या आहेत. पळसावरची सगळी काळी बुरशी त्यांनी एकाच भावकीत टाकली आहे, आणि मास्तराला चार वर्षांपासून संशय होता की त्यातली एक तिथली नाही. पण पुरावा हाती लागत नव्हता. अर्जुनरावाने हे सगळं मान डोलावून ऐकलं आणि आत जाऊन बायकोला सांगितलं, की माणूस निरुपद्रवी आहे, दोन भाकऱ्या वाढव. ओसरीवरच्या पाहुण्याला पाटलाकडे पत्रावळीवरच वाढत.

दगडाबाईच्या उकिरड्याची माहिती मास्तराला कोणी दिली कोण जाणे. तिसऱ्या दिवशी सकाळी दगडाबाई मागच्या दाराने बाहेर आली, तर कोट घातलेला एक माणूस तिच्या उकिरड्यावर उकिडवा बसून, डोळ्याला काच लावून तिने टाकलेली पानं एकेक करून वाचत होता. त्याने तिला नमस्कार केला आणि विचारलं, यातली पंचवीस पानं निवडून द्याल का? डागाचीच हवीत. दगडाबाईने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि दार लावून घेतलं.

पण गावाने ते दृश्य पाहिलं होतं. प्लेगाच्या साली असेच कोटवाले सरकारी लोक घरोघर वाकून पाहत होते, ते कोणी विसरलं नव्हतं. दुपारपर्यंत बातमी झाली की दगडाबाईच्या पानांना रोग आहे आणि सरकारने तपास लावला आहे. दिवस मावळेपर्यंत तो रोग पत्रावळीवरून जेवणाऱ्याच्या पोटात उतरला होता. दोघातिघांना तर कळाही येऊ लागल्या.

नेमकं पाटलाच्या लेकीचं, सुंदरचं लग्न माघात ठरलेलं होतं. बाराशे पत्रावळींची पंगत. लग्न ठरलं की पाटलीणबाईने स्वतः गुरवाच्या घरी येऊन पत्रावळींची सुपारी द्यायची, अशी गावची चाल होती. केशरबाई पाटलीण कार्तिकातच येऊन गेली होती, आणि ती सुपारी दगडाबाईच्या देव्हाऱ्यात हळदीकुंकू लावून ठेवलेली होती. केशरबाई स्वतः नवरी होऊन या गावात आली तेव्हा तिच्या पंगतीची पानं रुक्मिणीबाईने लावली होती, आणि चोया पुरवायला नवशिकी दगडाबाई बसली होती.

चौथ्या दिवशी पाटलाचा गडी सिदू दारात आला आणि जमिनीकडे बघत म्हणाला, "पाटलीणबाईनं सुपारी मागितलीय."

दगडाबाई उठली. देव्हाऱ्यातून सुपारी काढली, तिच्यावरचं कुंकू पुसलं आणि सिदूच्या हातावर ठेवली. जाता जाता सिदूनेच सांगून टाकलं, की चकलांब्याच्या हरिबा गुरवाकडे निरोप गेलाय. चकलांब्याचा हरिबा! अंधारातही पानं लावतो अशी ज्याची फुशारकी, आणि त्याच्या पत्रावळी बघून जी खरी वाटते, तो हरिबा उमापूरच्या पंगतीला पानं देणार. एकदा हे झालं, की आजूबाजूच्या बारा गावांत दगडाबाईचं नाव उरणार नव्हतं. मिळणाऱ्या धान्याची तिला फिकीर नव्हती, घरात दोन माणसं, तेवढं देव देत होता. चाळीस वर्षं राखलेलं नाव मात्र दुसरीकडून कुठून येणार नव्हतं. तिला रडू कोसळलं. रडणं लोकांनी बघण्यासारखं नसतं असं तिचं मत असल्यामुळे ते तिने पळसपानांच्या चवडीआड बसून उरकून घेतलं. आसारामाने ते ऐकलं आणि देवळात निघून गेला.

डोळे पुसून झाल्यावर तिने ठरवलं, या मास्तराला पानं द्यायचीच. दगडाबाईचं पान काय असतं ते एकदा त्या काचेतून बघू दे. पण सरकारी माणसाच्या हातात घाण पान कसं द्यायचं? तिने उकिरड्यावरची पंचवीस पानं उचलली, पाण्याचं घमेलं घेतलं आणि ओल्या फडक्याने एकेक पान पाठपोट पुसून काढलं. मास्तराला हवे होते डाग, आणि ही बाई तेच धूत बसली होती. सोळा पानांवरची पाहुणी निमूट निघून गेली. नऊ पानांवर घरजावई होता. त्याला तिने पुसलं, चोळलं, शेवटी राख लावून घासलं, पण तो हलला नाही. मग ती नऊ पानं तिने गठ्ठ्याच्या मधोमध दडवली, वर-खाली चांगली लावली, पाट्याखाली दाबून सुकवली आणि आसारामाच्या हाती पाटलाच्या ओसरीवर पाठवून दिली.

मास्तराने गठ्ठा सोडला आणि त्याचा चेहरा उतरला. पहिलं पान स्वच्छ. दुसरं स्वच्छ. त्याने आसारामाला विचारलं, बाईंनी पानं धुतली का? आसारामाने होकाराची मान हलवली. मास्तराने पुन्हा विचारलं, खरंच धुतली? आसारामाने पुन्हा मान हलवली, आणि एवढ्या संभाषणाने थकून तो निघून गेला. मास्तर डोकं धरून बसला. मग बसल्या बसल्या उरलेली पानं चाळताना त्याला मधली नऊ पानं लागली. वरचा काळा थर, मास्तराच्या भाषेत जाळं, पुसला गेला होता, पण डाग जागेवर होता. त्याने भिंग लावलं. काळं ते पानाच्या कातडीच्या आत होतं, आणि त्याच्या मधोमध बारीक चीर पडलेली होती. त्याने घाईघाईने धुतलेली सोळा पानं भिंगाखाली धरली. त्यांच्या आत काहीच नव्हतं. चार वर्षं तो वरचं जाळं बघत बसला होता आणि जाळ्यापायी दोघांतला फरक त्याच्या हाती लागत नव्हता. जाळं धुवायचं त्याच्या कधी मनात आलं नव्हतं, कारण नमुना धुवायचा नसतो असं तो स्वतःच पोरांना शिकवत असे.

तो तसाच उठून गुरवाच्या घराकडे धावला. एक वहाण ओसरीवरच राहिली.

दगडाबाईला त्याच्या आनंदाचं काही कौतुक वाटलं नाही. ती म्हणाली, ह्यात काय नवं? एक पाहुणी आणि एक घरजावई, दोघांचा काय संबंध? मास्तराने वही काढली. तिने त्याला अंगठा कसा ओला करायचा ते दाखवलं, चोय टोचल्यावर कोणतं पान फाटतं ते दाखवलं, उजेडाला धरल्यावर घरजावयाभोवती पिवळं कडं दिसतं ते दाखवलं. मास्तराला पहिल्या खेपेला कडं दिसलं नाही. तेव्हा तिने पान काढून घेतलं आणि दिसेल तेव्हा बोला असं सांगितलं. मास्तराने भावकी म्हणजे काय ते समजावायला सुरुवात केली, तर तिने त्याला मधेच थांबवलं. उठून वडाचं एक पान आणलं आणि त्याच्या पुढ्यात टाकलं. वडाच्या पानावर तसाच ठिपका होता, अंमळ मोठा.

"ह्यो थोरला, वडावरचा. पळसावरचा धाकला. घर येकच," ती म्हणाली. "पाहुणी ह्यांच्यातली न्हाई. तिला उगं ह्यांच्या पंगतीला बसवलंय तुमी."

मास्तराने वडाचं पान भिंगाखाली धरलं. तीच चीर, तीच बैठक. तो वाकून तिच्या पाया पडायला निघाला. दगडाबाई पाय मागे घेऊन घरात शिरली.

आता माणसाने इथे थांबावं की नाही? पण आनंद झालेल्या मास्तराला कोण थांबवणार. त्याच दिवशी त्याने पाटलाच्या ओसरीवर गाव जमवलं. दारामागे केशरबाई उभी होती. ओसरीच्या पायऱ्यांखाली, पदर पुढे ओढून, दगडाबाईही येऊन उभी राहिली, कारण बोलावणंच तसं होतं. मास्तर म्हणाला, जगाला माहीत नसलेली एक बुरशी या गावात ओळखली गेली आहे, ती वेगळ्या भावकीची आहे, आणि या भावकीला तो दगडाबाईंचं नाव देणार आहे. विलायतेच्या पुस्तकात ते छापलं जाईल. जोवर झाडाला पान आहे तोवर विद्वान लोक हा डाग दगडाबाईंच्या नावाने ओळखतील.

लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. जे चार दिवस कुजबुजत होते ते आता सरकारमान्य झालं होतं. दारामागून केशरबाईच्या बांगड्या वाजल्या.

दगडाबाई एक पायरी वर चढली. 

"मास्तर, मी तुमचं काय वाकडं केलंय? ज्याला चाळीस वरसं घराभाईर टाकलं, त्याला माजं नाव द्येता?"

मास्तर गडबडला. म्हणाला, बाई, हा मान आहे. दगडाबाईला हा मान नको, तर गावाचं नाव देऊ म्हणाला. त्यावर अर्जुनराव खाकरला आणि गावाचं नाव मधी कावून आणता, असं त्याने विचारलं. मघापासून पुढे सरकलेली माणसंही हळूच मागे झाली. एवढा मोठा मान ओसरीवर मधोमध पडून होता आणि उचलायला कोणी तयार नव्हतं.

तेवढ्यात दगडाबाईला काहीतरी सुचलं. तिने पदर सारखा केला आणि साध्या आवाजात विचारलं, की मास्तर उमापूरच्या आधी कुठल्या गावी होते? मास्तर म्हणाला, चकलांब्याला. तिथं घावला का ह्यो घरजावई? मास्तर म्हणाला, सापडला तर, नमुना पेटीतच आहे, आजच ओल्या अंगठ्याने पुसून खात्री केली. सत्य सांगायचं म्हटलं की या माणसाला पुढचंमागचं भान राहत नसे. त्याने पेटी उघडली, टिपकागदातून एक पान काढलं आणि त्याला चिकटवलेली चिठ्ठी सगळ्यांना ऐकू जाईल अशी वाचली.

"चकलांबा. जेवणाच्या पत्रावळीवरून, भात संपल्यावर."

ओसरीवरच्या सगळ्या माना त्या पानाकडे वळल्या. मास्तराला वाटलं लोकांना किळस आली, म्हणून त्याने घाईने सांगितलं की पानावरचं उष्टं आपण टिपकागदाने टिपून घेतलं होतं.

"आन् हितं?" दगडाबाईने विचारलं. "हितं बी माज्याच पत्रावळीवर जेवताय की तुमी."

"इथे कुठलं मिळायला?" मास्तर तक्रारीच्या सुरात म्हणाला. "रोज जेवण झालं की पत्रावळ उलटून बघतो. एकसुद्धा डाग नाही. म्हणून तर तुमच्या उकिरड्यावर यावं लागलं."

"मग नाव हरिबाचं द्या," दगडाबाई म्हणाली. "त्यानं पाळलाय, लोकांना वाढलाय."

आधी सिदू हसला, मग अर्जुनराव, मग सगळी ओसरी हसली. ज्यांना कळा येत होत्या त्यांच्या कळाही तिथेच थांबल्या.

दुसऱ्या दिवशी केशरबाई स्वतः सुपारी घेऊन गुरवाच्या दारी आली. दगडाबाईने तिला बसायला पाट दिला, पाणी दिलं, पळसाच्या चवडी दाखवल्या, पोराबाळांची चौकशी केली, आणि सुपारी मात्र तासाभराने घेतली. माघातल्या पंगतीत केशरबाईने कोणी बघत नाही असं पाहून एक पत्रावळ उलटून बघितली. ते दगडाबाईने पाहिलं, पण नवरीची आई म्हणून सोडून दिलं.

मास्तराचं टपाल दीड वर्षाने आलं. छापील पानं होती, त्यात पळसाच्या पानाचं चित्र होतं आणि भावकीचं नाव होतं. ते अर्जुनरावाने तीन वेळा उच्चारून पाहिलं आणि नाद सोडला. त्या नावात दगडाबाई नव्हती, उमापूर नव्हतं, हरिबाही नव्हता. हे तिने दोनदा विचारून पक्कं करून घेतलं. पण सोबतच्या पत्रात मास्तराने आनंदाने लिहिलं होतं, की त्या नऊ पानांतलं एक पान समुद्रापलीकडच्या मोठ्या संग्रहात पाकिटात ठेवलं आहे, आणि जगात कोणालाही ही भावकी ओळखायची झाली तर त्याला उमापूरच्या गुरविणीचं तेच पान बघावं लागेल. उरलेली आठ मास्तराच्या पेटीत होती.

अर्जुनरावाला हे भारी वाटलं. दगडाबाईला मात्र जेवण जाईना. चाळीस वर्षांत तिने लाखो पानं लावली असतील. ती लोकांनी जेवून फेकून दिली. आणि जगाने तिचं म्हणून ठेवून घेतलं ते नेमकं डागाचं, उकिरड्यावरचं पान.  चार दिवस दाराशी बसून तिने एक पत्रावळ लावली. लावली आणि मोडली, असं पाच वेळा केलं. सहावी तिला पसंत पडली. ती तिने दोन फळ्यांमध्ये दाबली, जुन्या लुगड्याच्या धडप्यात शिवली आणि अर्जुनरावाकडून मास्तराला चिठ्ठी लिहवून घेतली. चिठ्ठी एका ओळीची होती. ही पण त्याच्या शेजारी ठेवा.

त्यानंतर डाकवाला गावात आला की दगडाबाई काही ना काही निमित्त काढून पाटलाच्या दारावरून जाई. डाकवाल्यालाही ते कळून चुकलं होतं, आणि तो तिला बघितलं की लांबूनच नाही म्हणून मान हलवी. आषाढात एकदा त्याने मान हलवली नाही. कार्ड अर्जुनरावाने ओसरीवर उभ्या उभ्या वाचून दाखवलं.

"पत्रावळ पोचली. उजेडाला धरून, ओल्या अंगठ्याने आणि मग भिंगाखाली, अशी तिन्ही प्रकारे पाहिली. दोन दिवस शोधत होतो. डाग सापडला नाही. माझ्या पेटीत घरजावयाच्या शेजारी ठेवली आहे."

दगडाबाईने ते पुन्हा वाचायला लावलं, फक्त मधलं. मग ती रडली, आणि या वेळी कशाआड गेली नाही. अर्जुनरावाच्या हातातून तिने कार्ड घेतलं, सवयीने उजेडाला धरलं, उलटून पाठ बघितली आणि पदराच्या गाठीत बांधून घेतलं.